उजव्या सीटचा कडता

विषय : क्लबच्या दोन आसनी विमानाचा जुना रंग काढून नवा रंग देणे व तदनंतर घेतलेल्या वजनाबाबत.

संदर्भ : १) निम्नस्वाक्षरीकाराचा फेरवजनासाठीचा अर्ज. २) त्यावर कार्यकारी समितीची विचारणा. ३) सदर विचारणेस निम्नस्वाक्षरीकाराचे उत्तर.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, विमानास रंग उत्तम बसला आहे. वजनाबाबत मात्र थोडा खुलासा आवश्यक असून तो खालीलप्रमाणे.

इथवर कागद नेहमीच्या चालीने चालला. पुढचा खुलासा त्या चालीत बसेना, म्हणून समितीला पाठवायचा कागद वेगळा केला आणि हा वेगळा लिहायला घेतला.

१

निवृत्त कारकुनाला दोनच जागा उरतात. देवळाचा पार किंवा दुसऱ्याचं ऑफिस. पारावर पाटबंधारे खात्यातले माझे दोन जुने साहेब आधीच येऊन बसले होते, म्हणून मी दुसरी जागा धरली. इंदापूरहून बारामतीला मुलाकडे राहायला आलो आणि धावपट्टीच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या नीरा-भीमा फ्लाइंग क्लबात अर्धवेळ लिहिणं-पुसणं करू लागलो. तिथे मला सगळे भाऊसाहेब म्हणत. पगार मानधन या नावाखाली मिळे, म्हणजे मानच जास्त.

क्लबाची विमानं दोन. एकाचं इंजिन मुंबईला दुरुस्तीला गेलं होतं आणि तिथे रमलं होतं. दुसरं उडत होतं, पण त्याचा रंग जुन्या रांजणासारखा सुटत चालला होता. अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये तपासणीला आलेल्या साहेबांनी पंखाच्या मुळाशी नख घातलं, रंगाची खपली काढली आणि खालचा पांढुरका गंज आम्हाला दाखवला. पत्रा उघडा करा, गंज काढा, नवा रंग द्या, वजन घ्या, मग उडवा, असा शेरा मारून ते जेवायला भिगवणला गेले. मासे चांगले मिळाले असावेत, कारण शेऱ्यात त्यांनी नंतर काही वाढवलं नाही.

या शेऱ्याने सर्वांत मोठी अडचण झाली ती रोहिणीची. रोहिणी कळसची, विशीतली, तीन शिकाऊंपैकी सर्वांत चांगली. तिचं पहिलं एकटीने उडणं तेवढं राहिलं होतं. तिचं डॉक्टरी प्रमाणपत्र एप्रिलअखेर संपत होतं. त्याआधी एकटी उडाली तर पुढचं सगळं सुरळीत. नाही तर मुंबईला पुन्हा तपासणी, तिच्यासाठी पुन्हा नंबर, आणि नंबर लागेपर्यंत क्लबातली जागा दुसऱ्याला. समितीच्या एका सदस्याच्या पुतण्याची त्या जागेवर नजर होती. त्याला विमानात बसलं की उलटी होई, पण अर्ज उत्तम टाइप केलेला होता.

२

रंगकामाचे प्रमुख दादासो. सुप्याचे, वय पस्तीस, विमानाचे परवानाधारक अभियंता. स्वभाव असा की स्वतःच्या लग्नातही मांडवाचे खांब हलवून बघितले असतील. रंगवायला त्यांनी गेणूतात्यांना आणलं. तात्या भिगवणचे, धरणाच्या पाण्यावरच्या होड्या आणि ट्रकची फाळकी रंगवण्यात उभी हयात गेलेली.

पहिल्या सकाळी दादासोंनी नियम सांगितले. शेडची दोन्ही दारं उघडी. हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. बिडी शेडपासून शंभर पावलं लांब. रंग काढायचं रिमूव्हर अंगावर उडालं तर आधी पाण्याच्या पिंपाकडे पळायचं, बोंब मग मारायची. विमानाला जमिनीशी तारेने जोडून ठेवायचं, ठिणगी पडू नये म्हणून. आणि लोखंडी खरवडणी अजिबात नाही.

"मग काय नखानं काढू?" तात्यांनी विचारलं.

"लाकडाच्या पट्ट्या केल्यात. पत्र्यावर एक चरा पडला तर तिथून तडा जातो."

"सायेब, आजवर एवढ्या होड्या रंगवल्या, एक बुडली न्हाय."

"होडी बुडली तर पोहता येतं, तात्या."

तात्यांनी लाकडाची पट्टी घेतली. घेताना तिच्याकडे, नव्या सुनेने केलेल्या पहिल्या भाकरीकडे बघतात तसं बघितलं.

रिमूव्हरचा एक थेंब काचेवर पडला तरी काच आंधळी होते. म्हणून रोहिणीने सगळ्या काचांवर चंदेरी कागद आणि त्यावर खाकी कागद चिकटवला. वेग मोजायची नळी, हवेची बारीक छिद्रं, सगळ्यांवर चिकटपट्टी लावून तिला लाल रिबनचं शेपूट सोडलं, उडण्याआधी एकही पट्टी विसरायला नको म्हणून. विमान मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसायला लागलं.

विमानाची दारं बंद करण्याआधी दादासो आतल्या दोन्ही सीटवर चादरी टाकायला गेले आणि थबकले.

"उजव्या सीटचा बेल्ट कुणी लावला?"

उजवी सीट शिकवणाऱ्याची. आमचे शिक्षक कॅप्टन राजवर्धन पुण्याचे, चहाचा कप हातात धरून उभे होते. त्यांनी मला समजावलं. शिकाऊ एकटा उडतो तेव्हा शेजारच्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावून घट्ट ओढून ठेवायचा असतो, नाही तर लोंबता पट्टा विमान चालवायच्या दांड्यात अडकतो. रिकाम्या जागेला बांधून ठेवण्याचा हा नियम मला आवडला. आमच्या खात्यात रिकाम्या खुर्चीवर पंखा चालू ठेवत, तो याच घराण्यातला.

"पण एकटं कुणीच उडालं नाही महिनाभरात," दादासो म्हणाले, आणि त्यांनी बेल्ट सोडला.

दुसऱ्या दिवशी आत पाणी झिरपलं का ते बघायला त्यांनी दार उघडलं. बेल्ट लावलेला होता. चादरीवरून.

दादासोंनी तात्यांकडे बघितलं, तात्यांनी माझ्याकडे, मी कॅप्टनकडे, कॅप्टननी चहाकडे. ही सरकारी पद्धत मला ओळखीची होती. दादासोंनी बेल्ट पुन्हा सोडला, दोन्ही दारांना कुलूप घातलं आणि किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात टाकली.

३

रंग काढण्याचं काम दिसायला मजेचं. रिमूव्हर लावून थोडा वेळ थांबलं की रंगाला फोड येतात, तापल्या दुधाच्या सायीसारखा तो सुरकुततो आणि पट्टी लावली की पदर सुटतो. आधी पांढरा, त्याखाली पिवळा, त्याखाली एक हिरवट. म्हणजे हे विमान आमच्याकडे येण्याआधी दोन संसार करून आलेलं होतं. रोहिणी आणि तात्या खरवडत, मी पिंपात पाणी भरे आणि सल्ले देई.

दुपारी सगळे बाहेर कडुनिंबाखाली जेवायला जात. मी शेडमध्येच बसे, कारण पंखा शेडमध्ये होता. त्या दिवशी डब्यात वांग्याचं भरीत होतं. एप्रिलचं ऊन, सगळीकडे सामसूम, पंख्याची घरघर तेवढी. पंखा अधूनमधून आपलाच बंद पडायचा, तसा पडला.

आणि विमानाच्या आतून आवाज आला. कर्रर्र, टक.

तो आवाज मला पाठ होता. विमानातली सीट रुळावर मागे-पुढे सरकते आणि जागेवर आली की खिट्टी पडते. रोहिणीची उंची कमी, त्यामुळे उडण्याआधी ती सीट पुढे घेई तेव्हा रोज तो ऐकू येई. आता आधी लांब कर्रर्र, मग टक. थोड्या वेळाने अगदी छोटा कर्र, आणि टक. आधी मागे घेतली, मग जराशी पुढे. बसणाऱ्याला हवी तशी.

मी घास हातात धरून विचार केला. पत्रा तापतो, पत्रा प्रसरण पावतो, रूळही पत्र्याचेच, तेही प्रसरण पावत असणार. शाळेत लोखंडाचा गोळा कड्यातून जात नाही तो प्रयोग मी स्वतः पाहिलेला आहे. खुलासा समाधानकारक होता. मी तो मनातल्या मनात मंजूर केला आणि भरीत संपवलं.

ताकाचा तांब्या मात्र बाहेर कडुनिंबाखाली नेऊन प्यायलो.

"काय भाऊसायेब, पंख्याचा कंटाळा आला?" तात्यांनी विचारलं.

"उकडतंय आत."

"मग हितं काय हिमालय हाय व्हय?"

४

उघडा पत्रा धुऊन, गंज घासून, पुसून झाल्यावर आधी पिवळसर अस्तर मारलं आणि मग पांढरा रंग. फवारणीच्या दिवशी दादासोंनी सगळ्यांना असे मास्क घातले की कोण बोलतंय ते कळेना. तात्यांचा हात खरोखर सुंदर. फक्त शेपटाजवळ आले की त्यांचा ब्रश वळवळायला लागे.

"हितं एक मोर टाकतो."

"नाही."

"बरं, नुसतं 'पुन्हा भेटू'."

"तात्या, विमानाच्या मागे कुणी वाचायला येत नाही."

"बारका तरी मोर. वरनं देव बघंल की."

दादासो ठाम राहिले. तात्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

दुसरा हात मारून झाल्यावर फवारणीचं यंत्र बंद केलं, पंखे बंद केले, आणि धूळ बसू नये म्हणून शेडची दारं लोटली. सगळे बाहेर पडत होते, तेवढ्यात रोहिणीने मला हाक मारली.

"काका, ह्यो कागद बघा."

उजव्या दाराच्या काचेला हवा खेळायची एक छोटी झडप आहे. तिच्यावरचा खाकी कागद आत ओढला जात होता आणि पुन्हा बाहेर फुगत होता. सावकाश, एका लयीत. शेडमध्ये वारा नव्हता. पंख्याला लटकलेलं जळमटसुद्धा स्थिर होतं.

रोहिणीने कागदाजवळ हात नेला. "ऊब लागतीया."

"ऊन आहे बाहेर," मी म्हणालो.

"व्हय." ती थोडा वेळ बघत राहिली. तिच्या आजोबांची मेंढरं होती; तिच्या लहानपणापर्यंत घरात थोडी उरलेली होती. "वाघरात, जाळीच्या कुपनात, मेंढरं दुपारची बसली की त्यांची पोटं अशीच हलत्यात. पोट भरल्यालं मेंढरू असलं की असं सावकाश." आणि तिने कागदाची सुटलेली कड अंगठ्याने हळूच दाबून बसवली, झोपलेल्याची चादर सारखी करावी तशी.

दादासोंना सांगितलं. ते म्हणाले, ढग आला की आतली हवा आकुंचन पावते, ऊन पडलं की फुगते. त्या दिवशी आभाळात ढग नव्हता. मी ते बोललो नाही. चांगल्या खुलाशात त्रुटी काढणं हे वरिष्ठांचं काम. मी उभ्या नोकरीत ते कधी अंगावर घेतलं नाही.

५

रंगालाही वजन असतं. म्हणून रंगवलेल्या विमानाचं वजन घ्यावं लागतं. एकेका चाकाखाली एक असे तीन काटे लागतात. क्लबाकडे काटे नव्हते. पुण्याहून मागवायचे तर महिना गेला असता आणि रोहिणीचं प्रमाणपत्र त्याच्या आधी. तेव्हा तिचे वडील जोतीराम धावून आले. ते बाजारात तोलार, म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर जोखून आकडा पुकारणारे. घरची मेंढरं गेल्यावर त्यांनी हा धंदा धरला होता आणि त्याचा त्यांना एवढा अभिमान की जत्रेत भेटलेल्या पाहुण्यालाही नजरेने जोखून वजन सांगत. बहुधा चुकत. चुकलं की म्हणत, "सकाळधरनं जेवला न्हाईस, त्येचं."

बाजाराला सुट्टी होती त्या दिवशी त्यांनी दांडीचे तीन मोठे काटे टेम्पोत घालून आणले. काचांवरचे कागद अजून काढलेले नव्हते, कारण चौकटीकडचा रंग ओला होता. पण काटे दुसऱ्या दिवशी परत द्यायचे होते. कागदाचं वजन मी वजा धरीन, दादासो म्हणाले. विमान ढकलत काट्यांवर चढवलं. वजन घेताना विमान अगदी सपाट असावं लागतं, म्हणून दादासो पाणसळ घेऊन शेपटाकडे गुडघ्यांवर बसले. दांडीवर जोतीराम, लिहायला मी.

जोतीरामांनी टोपी सारखी केली आणि बाजारातल्या आवाजात सुरुवात केली. तोलार कधी 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन.

"लाभ!" म्हणत ते पुढच्या चाकापाशी गेले, दांडी स्थिर केली आणि आकडा पुकारला. मी लिहिला. "दोन!" डावं चाक, आकडा. "तीन!" उजवं.

इथे वेळ लागला. दांडी थांबेना. जराशी वर जाई, जराशी खाली येई, पुन्हा वर. जोतीरामांनी वजन सरकवलं, डोळा बारीक केला, काचेवरच्या कागदाकडे एकदा मान वर करून बघितलं आणि गालातल्या गालात हसले.

"काय झालं?" दादासो शेपटाकडून ओरडले.

"काय न्हाय. चालू द्या तुमचं." आणि त्यांनी आकडा पुकारला. डाव्या चाकाइतकाच, थोडा इकडेतिकडे. मी लिहिला.

बेरीज अचूक आली. जुनं वजन अधिक रंग. दादासो इतके खूश झाले की त्यांनी तात्यांना शेपटाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, करंगळीएवढा मोर काढायची परवानगी दिली.

मी मात्र दांडीकडे बघत होतो. विमान काट्यावर उभं, कुणाचा हात लागलेला नाही, आणि उजव्या चाकाखालची दांडी वर-खाली. ती लय मी आधी पाहिली होती, झडपेवरच्या कागदावर.

६

चार दिवसांनी कागद निघाले, लाल रिबनी मोजून काढल्या, कागदपत्रांवर सह्या झाल्या. कॅप्टननी रोहिणीबरोबर सकाळी काही फेऱ्या मारल्या आणि उतरून म्हणाले, "आता तू एकटी जा."

जोतीराम नारळ आणि बत्तासे घेऊन कुंपणापाशी उभे होते. गेणूतात्यांनी धुतलेली टोपी घातली होती. मी आणि दादासो विमानापाशी होतो. रोहिणीने उजव्या सीटचा बेल्ट लावला आणि दोन्ही हातांनी ओढला, इतका की गादीत खळगा पडला. दादासोंनी बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

"लक्षात ठेव," कॅप्टन दारातून तिला म्हणाले, "मी नाही म्हणजे विमान हलकं. पटकन उचलेल. उतरताना लांब तरंगेल, म्हणून इंजिन नेहमीपेक्षा आधी कमी कर. नाही तर धावपट्टी संपेल."

"व्हय सर."

आम्ही मागे सरलो. कॅप्टननी मला सांगितलं, "दोघं असलो की त्या पिवळ्या दगडापाशी चाकं उचलतात. आता बघा, निम्म्यातच उठेल."

विमान निघालं. नवा रंग उन्हात असा चमकत होता की तात्या नवरदेवाच्या बापासारखे इकडेतिकडे बघत होते. निम्मी पट्टी गेली. चाकं जमिनीवरच होती. पिवळ्या दगडापाशी ती उचलली.

कॅप्टननी डोळ्यावरचा चष्मा काढला. "दोघं असल्यासारखं उठलं."

"ऊन आहे," दादासो म्हणाले. "उन्हात हवा पातळ होते."

"मघाशी माझ्याबरोबर उडाली तेव्हा काय चांदणं होतं?"

जोतीराम कुंपणावरून म्हणाले, "दोघं न्हाईत व्हय? मला वाटलं त्यो गडी हायच बरुबर."

"कोण गडी?" मी विचारलं.

"वजनाच्या दिशी आत बसल्याला."

वर विमान वळण घेत होतं.

"आवो, असं काय करता भाऊसायेब," जोतीराम जरा चेष्टेच्या सुरात म्हणाले. "उजव्या अंगाला गडी बसला व्हता की. तुमी उतरवायला इसरला. बाजारात पोत्यावर हमाल बसला तर हमालाचा कडता काढून, त्येचं वजन वजा करून, मगच आकडा पुकारायचा. पोत्याचा कडता, धुळीचा कडता, तसा माणसाचा. काढला. म्हणलं, चार माणसांत कशाला सांगा, सायेब लोकांची चूक हाय."

"किती काढला?" दादासोंचा आवाज बारीक आला.

"सत्तर-बहात्तर. बरा खात्यापित्या घरचा असंल."

"दारांना कुलूप होतं, जोतीराम."

"आसंल की. दांडी हालत व्हती. पोतं गप बसतंय, जितं वजन गप बसत न्हाय. आमी मेंढरं जोखल्याली माणसं..." आणि इथे त्यांना पहिल्यांदा आपल्या बोलण्याचा अर्थ लागला. त्यांनी वर पाहिलं. हातातली बत्ताश्यांची पुडी त्यांनी छातीशी धरली. "आत कुणी नव्हतं?"

"नव्हतं."

"मग माझी पोर वर कुणाबरुबर गेली?"

मी आयुष्यात अनेक प्रश्नांना 'माहिती मागवली आहे' असं उत्तर दिलेलं आहे. त्या वेळी ते ओठांवर आलं, पण मी कुंपण धरून वर बघू लागलो.

कॅप्टनच्या चेहऱ्यावर दुसरीच काळजी होती. "मी तिला इंजिन आधी कमी कर म्हणून सांगितलंय," ते हळू म्हणाले. "विमान जड असेल तर ती पट्टीच्या अलीकडेच खाली बसेल. उसात."

पट्टीच्या त्या टोकाला ऊस होता. त्याच्या कडेने कालव्याचा बांध. विमान शेवटचं वळण घेऊन समोर आलं. आम्ही पाच जण कुंपणाला धरून उभे होतो आणि इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून होतो, की आता तो कमी होईल. तो कमी झाला नाही. विमान बांधावरून आलं, उसावरून आलं, पट्टीवर आलं, आणि मग आवाज उतरला. चाकं टेकली, अगदी कॅप्टन शेजारी असताना टेकत तिथेच, तशीच.

तात्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. जोतीराम मटकन खाली बसले आणि बसल्या बसल्या हसायला लागले.

विमान शेडपाशी येऊन थांबलं. बाकीचे डावीकडून रोहिणीकडे धावले. मी उजवीकडे होतो म्हणून उजवीकडून गेलो. विमानाच्या नाकावरचा पंखा अजून फिरत होता, त्यामुळे दार उघडायचं नव्हतं. मी काचेतून पाहिलं.

उजव्या सीटचा बेल्ट लावलेला होता, पण गादीला टेकलेला नव्हता. तो पुढे आलेला होता, वीतभर तरी, गोलाई घेऊन. आमचे हेडक्लार्क पंगतीवरून उठताना पट्टा जसा दिसायचा, तसा. आणि मी बघत असताना तो जरासा वर आला आणि जरासा खाली गेला.

पंखा थांबला. पलीकडून दादासोंनी दार उघडलं. मी पापणी मिटून उघडली. बेल्ट गादीवर सपाट पडलेला होता. फक्त सैल. त्यातून आता चार बोटं सहज गेली असती.

रोहिणी खाली उतरली, घामाने भिजलेली, दात सगळे बाहेर. कॅप्टननी विचारलं, "इंजिन आधी का नाही कमी केलंस?"

"सर, तुमी म्हणला व्हता हलकं लागंल. मला लागलंच न्हाय. तुमी शेजारी असताना लागतंय तसंच लागलं. मग मी नेहमीसारखंच उतरवलं."

"भीती वाटली?"

तिने जरा विचार केला. "न्हाय. एकटं वाटलं न्हाय."

जोतीरामांनी नारळ फोडला. खोबरं आणि बत्तासे वाटताना ते सवयीने मोजत होते. "लाभ," रोहिणीला. "दोन," कॅप्टनला. "तीन," दादासोंना. मग तात्या, मग मी. स्वतः तोंडात एक टाकला. मग वळले, वाकून एक बत्तासा उजव्या सीटवर ठेवला आणि दार हळू लावून घेतलं.

"वजा केला व्हता," ते मला म्हणाले. "आता जमा."

७

सद्यःस्थिती खालीलप्रमाणे.

रंग उत्तम बसला आहे. एकाही ठिकाणी सुटलेला नाही. शेपटाच्या आतला मोर तपासणीच्या साहेबांना अद्याप दिसलेला नाही. रोहिणीचं प्रमाणपत्र वेळेत पुढे चालू झालं. आता ती इंदापूरपर्यंत एकटी जाऊन येते. कागदोपत्री एकटी. निघण्याआधी उजव्या सीटचा बेल्ट लावते आणि दोन बोटं सैल ठेवते. दादासोंनी नियम दाखवला तेव्हा ती म्हणाली, "सायेब, एवढा येळ बसायचं म्हणल्यावर आवळून कशाला बांधा." दादासोंनी सैल पट्टा दांड्यापर्यंत पोचतो का ते मोजून पाहिलं. पोचत नाही. मग त्यांनी नियमाचं पुस्तक मिटलं.

वजनाच्या कागदावर मात्र माझं अक्षर आहे. काट्याचा आकडा एक आणि लिहिलेला एक, हे बरं नव्हे, म्हणून मी सर्व हकिकत नमूद करून फेरवजनासाठी समितीकडे अर्ज केला. समितीने तो एका विचारणेसह परत पाठवला : वजा करण्यात आलेल्या इसमाचे पूर्ण नाव, वय, क्लबचा सभासद आहे किंवा कसे, व नसल्यास विमानात कोणाच्या परवानगीने बसला, हे कळवावे.

मी उत्तर दिलं की सदर इसमाशी संपर्क होऊ शकलेला नाही. तथापि तो क्लबच्या विमानात नियमित येतो.

अर्ज प्रलंबित आहे.